काकांचं छप्पर

बाबा गेल्यावर भेटायला आलेला जो तो सांगत होता, माणूस शांत होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी ऐकून घेत होते. बाबांनी एक राग जन्मभर सांभाळला, हे गावाला माहीत होतं, पण सुतकात असं बोलत नाहीत.

बाबा फौजेत होते. सुतारकाम तिथेच शिकले. ते सीमेवर असताना काशीदच्या घरी आई, बाबांचे थोरले भाऊ म्हणजे माझे काका, आणि काकांचा संसार. काकांची जीप होती, पर्यटकांना फिरवायची. माझ्या आधी आईला एक मुलगा व्हायचा होता. भरदुपारी कळा सुरू झाल्या आणि सुईणीने हात टेकले, म्हणाली, अलिबागला न्या. जीप दारातच होती. काका म्हणाले, "माझी मुंबईची पार्टी ठरलीय," आणि गाडी काढून निघून गेले. आई शेवटी मासळीच्या टेम्पोतून गेली, बर्फाच्या पेट्यांना टेकून. मूल वाचलं नाही.

बाबा सुट्टीवर आले तेव्हा आईने सगळं सांगितलं. ते काकांना काहीच बोलले नाहीत. नोकरी पुरी करून आले आणि त्याच आळीत वेगळं घर बांधलं, पुढे सुतारकामाचा कारखाना टाकला. वडिलार्जित गणपती काकांकडे होता, तरी बाबांनी आपला वेगळा आणला. गावाला ते फार लागलं. माझ्या वेळी आईचे दिवस भरत आल्यावर बाबांनी अलिबागला इस्पितळासमोर खोली घेतली आणि तिच्याबरोबर जाऊन राहिले. पाळणा तिथेच बसून केला, फणसाच्या लाकडाचा. मी शाळेत जाईपर्यंत माझी वेणीही तेच घालायचे, दोरी वळावी तशी घट्ट.

मग ते वादळ आलं. पावसाच्या तोंडावर अख्ख्या गावाची छपरं उडाली. बाबा तेव्हा साठीच्या पुढचे, तरी रोज कुणाच्या ना कुणाच्या आढ्यावर चढलेले असायचे. शाळेचं छप्पर केलं, मशिदीचं केलं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची केली. काकांचं राहिलं. काकांची मुलं पनवेलला, ती फोनवरून चौकशी करत होती.

एका सकाळी काका कारखान्याच्या दारात येऊन उभे राहिले. मी आणि आई तिथेच होतो. घरात पाणी येतंय, म्हातारपणी जायचं कुठे, असं बरंच बोलले. बाबा रंधा मारत राहिले.

"तुमचं मी करणार न्हाय," ते म्हणाले.

"अजून तेच धरून बसलायस?"

"व्हय."

काकांनी आईकडे पाहिलं. बाईमाणूस आहे, विरघळेल, असं त्यांना वाटलं असावं. आई पदराला हात पुसत म्हणाली, "पाऊस अजून चार महिने हाय, भावजी."

ते चार महिने काका निळ्या ताडपत्रीखाली राहिले. वारा सुटला की ती फडफडायची आणि आमच्या घरात ऐकू यायची. मला तो आवाज आवडायचा. खोटं कशाला बोलू? दिवाळीनंतर तळा गावाहून माणसं आणून त्यांनी छप्पर घातलं.

पुढे काका आजारपणात गेले. बाबा स्मशानात गेले, पण खांदा दिला नाही, सुतक धरलं नाही. दुसऱ्या दिवशी आईने कोलंबीचं कालवण केलं आणि खिडक्या उघड्या ठेवल्या. आळीभर वास गेला. बाबा दोनदा भात घेऊन जेवले.

परवा काकांचा मोठा मुलगा आला. बाबांच्या फोटोला हात जोडून माझ्याजवळ बसला. म्हणाला, आता दोघेही राहिले नाहीत, यंदा गणपती एकत्र करू. भला माणूस आहे, त्याने आमचं काही वाकडं केलेलं नाही. मी त्याला चहा दिला.

"न्हाय," मी म्हणाले, "आमचा आमच्याकडेच येईल."

तो चहा अर्धा ठेवून उठला. आई आत तांदूळ निवडत होती. काय म्हणत होता, तिने विचारलं. मी सांगितलं. तिने मान डोलावली आणि सूप पुढे ओढलं.