विस्तवाचे दोरे

माझ्या आईचा एक ठरलेला टोमणा होता. "एम.ए. करते म्हणून कॉलेजात गेली, आणि सुताराकडून पाटावर खिळे ठोकून आणते!" अमरावतीच्या आमच्या घरात वडील वकील, काका वकील. शिकलेल्या माणसाचं काम कागदावर चालतं, अशी सगळ्यांची पक्की समजूत. आणि मी आपली काखेत भला मोठा सागवानी पाट घेऊन हिंडायची. पाटावर एका गावातल्या घरांचे खिळे, घराला एक खिळा, आणि खिळ्याखिळ्यांमध्ये ताणलेला लाल दोरा. कोणतं घर कोणत्या घराशी बांधलेलं आहे, हे मला एका नजरेत दिसायला हवं होतं.

हे काम सरांनी दिलेलं. सर अर्थशास्त्र शिकवायचे आणि गावातली माणसं एकमेकांना कशी धरून असतात, याचा अभ्यास करावा असं त्यांच्या मनात होतं. मुलगी चुलीपाशी जाऊन बसू शकते, म्हणून त्यांनी मला निवडलं. गाव होतं अकोल्याहून पातूरला जाताना, रस्त्यापासून आत, काळ्या रानातलं, कापसाचं. एकटीला कोण पाठवतंय? सोबत आत्या आली. आत्या लहानपणीच विधवा झालेली आणि तोंडाची अशी फटकळ, की वडीलसुद्धा तिच्यापुढे वकिली करत नसत. शाळेमागच्या एका खोलीत आम्ही दोघींनी बिऱ्हाड मांडलं.

सुरुवातीचे काही आठवडे शुद्ध वाया गेले. मी घरोघर विचारायची, "तुमचा घरोबा कोणाशी?" आणि झाडून सगळे सांगायचे, पाटलाशी! ज्याला पाटील दारात उभा करत नसे, तोही सांगायचा, पाटलाशी. परक्या, शिकलेल्या बाईपुढे मोठ्या घराचं नाव घ्यायचं, ही त्यांची रीत. माझ्या पाटावरचे सगळे दोरे एकाच खिळ्यावर येऊन बसले. सर एका शनिवारी येऊन पाहून गेले आणि खूश झाले. म्हणाले, "किती स्वच्छ आकृती!" मी मनात म्हटलं, डोंबलाची स्वच्छ! मला इतका संताप आला, की त्या संध्याकाळी सगळे दोरे काढून टाकले.

वाट दाखवली आत्याच्या चहानं. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, काडीपेटी मिळायची मारामार. गावातल्या बाया रात्री चुलीतला विस्तव राखेत झाकून ठेवत, आणि ज्या घरचा विझे ती सकाळी खापर घेऊन दुसरीच्या दारी जाई. आत्याही जायची. एका सकाळी ती विस्तव घेऊन उशिरा परत आली आणि तणतणली, "समोरचीकडे मागितला तर म्हणते, आज पेरा आहे, पेरणीच्या दिवशी विस्तव घराबाहेर जात नाही. मग पलीकडच्या सुताराच्या घरी गेले तर तिनं बसवून घेतलं, वर गूळ दिला." माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. विस्तव काही कोणी मोठेपणासाठी मागत नाही! जिथं दार उघडतं तिथंच बाई जाते. दुसऱ्या दिवसापासून मी एकच विचारू लागले, "चूल विझली तर कोणाकडे जाता?"

मग कुठे पाट बोलायला लागला. कोष्टीवाड्यातून माळ्यांच्या घरी, माळ्यांकडून थेट तेल्याच्या दारी, असे काय काय दोरे! पाटलाच्या खिळ्यावर मोजकेच उरले.

पाट मी चावडीसमोरच्या पारावर ठेवायची, दिवसभर, उघडा. सरांना ते पसंत नव्हतं. म्हणायचे, गोळा केलेलं आपल्यापाशी झाकून ठेवावं. मी ऐकलं नाही. ज्यांच्या घरातलं मी नेते, त्यांना ते दिसलंच पाहिजे, आणि चुकलं तर मला चारचौघांत सांगता आलं पाहिजे, हा माझा हट्ट. बाया पाण्याला जाता-येता थांबायच्या. "अवं माय, हे काय लावलं? मी काई तिच्या घरी जात नाई!" की मी दोरा सोडायची. ज्याला आपला दोरा नको असेल त्याचा लावायचा नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगून टाकलेलं. एकदा एक माळीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "समद्या गावाचे खिळे ठोकले, तुहा खिळा कुठी हाय वं? तू काय आभाळातून पडली?" सगळ्या फिदीफिदी हसल्या. मी तिथल्या तिथे शाळेच्या जागी खिळा ठोकला आणि आमच्या खोलीपासून सुताराच्या घरापर्यंत दोरा ताणला. त्या दिवसापासून बाया माझ्याशी मोकळ्या झाल्या.

एक खिळा मात्र बोडका होता. ज्या शेतकऱ्याचा तो, त्याने आपल्या मळ्यातली विहीर गावकुसाबाहेरच्या लोकांना खुली केली होती. गावानं त्याला वाळीत टाकलं. त्याच्या घरी कोणी विस्तव द्यायचा नाही, पाणी द्यायचं नाही, मयतीला जायचं नाही. ठराव पाटलाच्या ओसरीवर झालेला. पाटील पारावर आला की त्या बोडक्या खिळ्यावर बोट ठेवायचा आणि पाहुण्यांना सांगायचा, "पाहा, आमचं गाव शब्दाचं कसं पक्कं हाय!" माझ्या पाटाचा असा उपयोग होईल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. अंगाचा तिळपापड व्हायचा.

आणि तो खिळा खरं तर बोडका नव्हता. पाटलाच्या घरी चुलीपाशी बसले असताना त्याच्या सुनेनं मला सांगितलं होतं. ती आणि वाळीत टाकलेल्या घरची बाई एकाच गावच्या माहेरवाशिणी, लहानपणी एका झोक्यावर बसलेल्या. उजाडायच्या आत मागच्या दारानं ती खापरात विस्तव घालून त्या घराच्या कुंपणापाशी ठेवून येई. सांगताना तिचे हात पिठात होते आणि डोळे दाराकडे. "तू इचारलं म्हून खोटं बोलवत नाई मले. पन दोरा नोको लाऊ, बाई. कळलं तं मले माहेरी धाडतीन आन लेकरू ठेऊन घेतीन." तिचं लेकरू दीड-दोन वर्षांचं, तिच्याच पाठीला लोंबकळत होतं. मी म्हटलं, नाही लावणार. आणि लावला नाही, कुठे लिहिलाही नाही.

सर पुढच्या खेपेला आले त्या सकाळी पारावर बरीच माणसं जमली होती. पाटील आला, पाटापुढे उभा राहिला. आज त्याचा आवाज निराळाच.

"बाई, तुमचा पाट म्हनते का त्या घरी कोनीच विस्तव देत नाई. मंग रोज सकाळी त्याच्या घरातून धूर कसा निंगते?"

कोणीतरी म्हणालं, काडीपेटी असेल.

"दुकानदाराले इचारलं म्या. त्यानं देल्ली नाई." पाटील माझ्याकडे वळला. "तुमी घरोघरी चुलीपाशी बसता. तुमाले मालूम असन. आन तुमीच म्हनता ना, आपलं समदं उघडं? मंग सांगा!"

माझाच नियम त्यानं माझ्या गळ्यात अडकवला होता. सगळे माझ्याकडे पाहत होते. मागे पाटलाची बायको, पाटलीणबाई, डोक्यावर घागर घेऊन थांबलेली. तिच्या मागे सून, लेकरू कडेवर. सुनेचा चेहरा मला आजही दिसतो. पांढराफटक.

खरं सांगायचं तर मला भीतीपेक्षा राग जास्त आला होता. मी म्हटलं, "पाटील, मी दोरे कसे लावते, काय विचारून लावते, कोणाचे लावत नाही, ते सगळं उघडं आहे. कोणीही या, विचारा. पण माणसानं विश्वासानं सांगितलेलं माझ्या मालकीचं नाही. ते मी उघडं करणारी कोण?"

"म्हंजे मालूम हाय तुमाले."

"हो. माहीत आहे."

"मंग बोला."

"नाही बोलणार."

पाटलाच्या कपाळाची शीर उडत होती. "काहून नाई बोलनार? आमच्या गावात राहून, आमचं खाऊन? आजपासून कोनीच या बाईशी बोलाचं नाई. त्यायच्या घरी विस्तव बी द्याचा नाई. पाहू किती दिवस चहा पेते!" आणि तरातरा निघून गेला. माणसं पांगली. सुताराच्या बाईनं मान खाली घातली आणि गेली.

खोलीवर आल्यावर सर माझ्यावर घसरले. "माहीत नाही म्हणायला काय झालं होतं तुला? सुटली असतीस! अर्ध्या गावाचं काम बाकी आहे. अर्धवट प्रबंध नागपूरचे परीक्षक घेतील असं वाटतं?"

"सर, पारावर मी खोटं बोलले, तर प्रबंधातलं खरं कशावरून?"

"अगं पण तू लपवलंसच की! तो खिळा आकृतीत रिकामा दाखवणार, ते खरं का?"

तेच तर मला आतून खात होतं. दोरा दाखवावा तर एका आईचं लेकरू जातं, न दाखवावा तर पाटलाची बढाई माझ्या नावावर छापली जाते. मी चिडून म्हटलं, "काहीतरी करीन. पण नाव सांगणार नाही आणि खिळा रिकामाही दाखवणार नाही. डिग्री मिळो न मिळो." सर टोपी उचलून मोटार गाठायला निघून गेले. आत्यानं माझ्यापुढे ताट सरकवलं. तिनं एवढंच म्हटलं, "बाईमाणूस आहेस, हट्टाला पेटलीस तर नीट पेट. जेवून घे."

सकाळी आमची चूल थंड. आत्यानं सुताराच्या दारी जायचं टाळलं. म्हणाली, त्या बिचारीला कशाला पेचात घालायचं. आम्ही गाठोडी बांधली. अकोल्याला मामांकडे जायचं म्हणून दमणी सांगितलेली, बैल जोडून गडी रस्त्यावर थांबला होता. उन्हं चांगली वर आली होती, पाणवठ्याची वर्दळ सुरू होती, आणि त्या सगळ्या वर्दळीतून पाटलीणबाई आली. भर रस्त्यानं, हातात खापर, खापरात रसरसता विस्तव. बाया जागच्या जागी थांबून पाहत होत्या.

ती सरळ आत आली आणि आमच्या चुलीत विस्तव ओतला. "चहा करा, मंग जा. उपाशी जाऊ नोका माह्या गावातून."

मी म्हटलं, "माय, पाटील रागावतील."

"रागवू दे. मले टाकून कोठी जाईन आता या वयात?" ती भुईवर बसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "काल तू सुनेचं नाव घेतलं असतं, तं मी तुले घरात पाय ठेवू देल्ला नसता. पोट्टीले वाटते का सासूले काई मालूम नाई. अवं, चूल माही हाय! रोज राती विस्तव कोन झाकते? मीच झाकतो. दोन घरचा पुरन इतला झाकतो."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतके दिवस मी त्या चुलीपाशी बसत होते, प्रश्न विचारत होते, आणि सासूला मी एकदाही विचारलं नव्हतं. तिनंही आपणहून सांगितलं नव्हतं, सुनेलासुद्धा नाही.

मी म्हटलं, "माय, माझे सर विचारतात, तो खिळा रिकामा दाखवणं खरं का? तो रिकामा नाही. मी काय करू?"

तिनं पाट मागितला. आत्यानं गाठोड्यातून काढून दिला. पाटलीणबाईनं तो मांडीवर घेतला, बोडका खिळा कोणता ते विचारलं, रिळाचा लाल दोरा त्याला दोन वेढे देऊन घट्ट बांधला आणि वीतभर सोडून दातानं तोडला. दुसरं टोक तसंच सोडलं, कोणत्याच खिळ्याला बांधलं नाही.

"विस्तव जाते, येवढं दाखव. कोठून जाते थे त्यायले पुसू दे."

प्रबंध अर्ध्या गावाचाच झाला. उरलेलं अर्धं गाव का राहिलं, ते मी पहिल्याच पानावर लिहिलं. आकृतीत ती रेघ तशीच काढली, एका घरातून निघणारी आणि कोऱ्या कागदात संपणारी. खाली लिहिलं, 'या रेघेचं दुसरं टोक मला माहीत आहे. ज्यांचं आहे त्यांनी इतकंच दाखवायची परवानगी दिली.' सरांनी ते वाक्य खोडलं, मी पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा खोडलं, मी पुन्हा लिहिलं.

नागपूरला तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकं त्या रेघेवर बोट ठेवलं. "ही अर्धवट का?"

"अर्धवट नाही, साहेब. तिच्या दोन्ही टोकांना रोज सकाळी चूल पेटते."