माझ्या नावावरच्या चार ओळी

चूक माझी होती, हे आधी सांगून टाकतो. भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही... पण जे झालं ते मला अजून उलगडलेलं नाही, आणि ते सांगायचं तर चुकीपासूनच सुरुवात करावी लागते.

यवतमाळला वीज-लाइन दुरुस्तीचं कंत्राट घेणाऱ्या एका खासगी कंपनीच्या ऑफिसात मी काम करतो. बिघाडानंतरचा पाठपुरावा आमच्याकडे आता एआय एजंट करतो. लाइनमन मोबाइलवर काय केलं ते लिहितो, एजंट ते वाचतो आणि त्याला दिलेल्या टूलपैकी एक वापरतो. कुठलं टूल कधी वापरायचं, हे त्याला टूलच्या वर्णनावरूनच कळतं. ती वर्णनं मी लिहिली होती. 'तक्रार बंद करा' — सप्लाय चालू झाला की वापरा. 'पुन्हा माणूस पाठवा' — गरज असेल तेव्हा वापरा.

गरज म्हणजे काय, ते मी लिहिलं नाही. जेवायला घरी जायची घाई होती, बस.

आर्णीजवळच्या एका तांड्यावर देवसिंग नावाच्या शेतकऱ्याच्या शेतातली तार खाली लोंबली, त्याने तक्रार नोंदवली. आमचा लाइनमन गजानन गेला. नवा खांब मिळेपर्यंत आपल्याकडे सगळे करतात तेच त्याने केलं — तारेला बांबूचा टेका दिला आणि लिहिलं, 'बांबू लावून सप्लाय चालू. खांब पाहिजे.' एजंटने 'सप्लाय चालू' पाहिलं आणि तक्रार बंद केली. खांब गेलाच नाही.

कापसाची बैलबंडी घेऊन देवसिंग त्या तारेखालून जात होता, तेव्हा बांबू सरकला. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

साहेबांनी गजाननला जबाबदार धरलं, कारण रेकॉर्डवर त्याच्या नावापुढे 'काम पूर्ण' दिसत होतं. त्याला घरी बसवलं, सोमवारी कायमचं काढायचं ठरलं. त्याचा मला फोन आला.

"भाऊ, मी तं खांब पाहिजे म्हून लिहिलं होतं. तुमाले दिसत असन ना तिथं?"

"पाहतो," मी म्हणालो. दिसत होतं... तरी साहेबांना सांगितलं नाही.

रविवारी बाभुळगावला पुतणीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. ऑफिस बंद, एकमेव किल्ली माझ्या खिशात. मी पंगतीत जिलबी वाढत होतो, तेवढ्यात साहेबांचा फोन.

"काय केलं राव तुम्ही? एजंटनं बंद झालेल्या तक्रारी परत उघडल्या. नेरकडं टीम गेली, तर तिथंही बांबूच. हात लावला तर डुलत होता. खालून लेकरं शाळेत जातात हो. वाचलो आपण."

"साहेब, मी काहीच केलं नाही."

"आता लाजू नका. तुमच्याच नावावर आहे."

परतलो तो थेट ऑफिसात. 'पुन्हा माणूस पाठवा' समोरचं माझं वाक्य गेलं होतं. तिथे चार ओळी होत्या —

'थुनी, बांबू, दोरी असा तात्पुरता टेका असेल तर सप्लाय चालू असला तरी हेच वापरा. लाइनमनने काही मागितलं असेल तर ते मिळेपर्यंत तक्रार बंद करू नका. त्या तारेखालून ज्याची बंडी जाते त्याला विचारा. तो भेटला नाही तर थांबा.'

मी लिहायला हवं होतं, अगदी तसंच. बदलाच्या नोंदीत माझं नाव, ऑफिसचाच कॉम्प्युटर, आणि वेळ दुपारची — जेव्हा साक्षगंधाच्या व्हिडिओत मी जिलबीचं ताट धरून उभा आहे. वर्णन बदलायचा अधिकार एजंटला नाही. सिस्टिमवाल्यांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, "सर, तुम्हीच लिहिलंय."

सोमवारी साहेब चारचौघांत माझी पाठ थोपटत होते, आणि गजाननला काढायचा कागद टेबलावर सहीसाठी पडला होता.

"साहेब," मी म्हणालो, "हे नवं वर्णन माझं नाही. जुनं माझं आहे." आणि सगळं सांगितलं. साहेबांनी तो कागद फाडला.

संध्याकाळी गजाननसमोर हात जोडले, तर तो चिडलाच.

"मले कायले हात जोडता? जळला तं देवसिंगचा हात. बसा गाडीवर."

वाटेत विचारलं, "गजानन, थुनी म्हणजे काय रे?"

"टेक्याचं लाकूड. काहून?"

"तू लिहितोस तसं?"

"मी बांबूच लिहितो. थुनी देवसिंग म्हनते."

त्या चार ओळींतला पहिलाच शब्द थुनी होता. कोणी लिहिलं, कसं लिहिलं... इथे कोणाला उलगडलं तर जरूर सांगा.

देवसिंग अंगणात खाटेवर होता, हात कापडात गुंडाळलेला. त्याने बायकोला चहा ठेवायला सांगितला.

"चहा नको," मी म्हणालो.

"मशीननं बंद केली म्हनतात माही तक्रार," तो म्हणाला. "मशीनवर काय राग धरा साहेब..."

"मशीनला मी सांगितलं होतं, देवसिंगभाऊ. तुम्ही वेळेवर तक्रार केली, गजाननने खांब मागितला. मी माझं काम नीट केलं नाही, आणि वरून गप्प बसलो. मला माफ करा."