दिवसा बंद होणारा झटका

मी बारामतीच्या एका शाळेत भूमिती शिकवतो. माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, भवानीनगरला ऊस करतात. रविवारी दुपारी आम्ही दोघे आपापल्या घरून संगणकावर एकच खेळ खेळतो. त्यात झोंबी, म्हणजे चालती प्रेते, माणसांच्या मागावर असतात आणि अधूनमधून त्यांचा मोठा लोंढा येतो. त्यापूर्वी टिकेल असा तळ उभारणे, हे खरे काम.

तळाची आखणी माझी होती. नवखा खेळाडू चारही बाजूंनी जाड भिंत घालतो आणि तिथेच चुकतो. भिंत अखंड असली की झोंबी ती कुठूनही फोडू लागतात. एक वाट उघडी ठेवली, तर बहुतेक सगळे तिकडेच वळतात. म्हणून मी दोन काटकोनी वळणांची अरुंद वाट ठेवली आणि तिच्यात विजेच्या तारा आडव्या ओढल्या. तारेला लागलेला झोंबी क्षणभर जागीच थरथरतो; तेवढ्यात वरच्या सज्जातून नेम धरता येतो. जनरेटर आतल्या खोलीत, बटण त्याच्या शेजारी. दाराच्या कुलुपाचा आकडा आम्हा दोघांनाच ठाऊक.

लोंढा जवळ आला असताना एकदा मला तारा थंड आढळल्या. इंधन होते, जोडणी शाबूत होती. बटण मात्र खाली होते. मी ते वर केले. पुढच्या खेपेस पुन्हा खाली.

इंदापूरची तीन पोरे आमच्याच सर्व्हरवर खेळत आणि इतरांचे तळ लुटत. दाजी त्यांच्याशी हेडफोनवर हसून बोलताना मी ऐकले होते. दाजींना सरळ विचारणे म्हणजे सावध करणे, म्हणून विचारले नाही. त्यांनी सहज म्हटले, "मास्तर, आज किती वाजता येणार हाय?" तर मला त्यातही हेतू दिसू लागला. बहिणीकडे चहा घेतानाही माझे लक्ष त्यांच्या चेहऱ्यावरच होते.

आकडा बदलून त्यांना बाहेर ठेवावे, असे मनाशी ठरत आले होते. तसे केले असते, तर ते लोंढ्यात उघड्यावर सापडले असते आणि आमचे रविवारही संपले असते. पण उत्तर आधी लिहून मागाहून सिद्धता जुळवणाऱ्या मुलांचे मी गुण कापतो. म्हणून खेळातली पहाट होण्यापूर्वी सज्जात दडून बसलो.

उजाडले. दाजी आले, बटण खाली केले आणि तारेच्या कडेकडेने, बांधावरून फिरावे तसे, सावकाश फिरू लागले.

"दाजी, काय चालले आहे?"

"आयला! तुमी हाय व्हय वर? दिवस उगवला न्हवं, झटका बंद केला."

"का?"

"का म्हंजी? डुकरं रातची येत्यात. दिवसा बाया खुरपायला येत्यात, कुणाचं ढोर येतं. तारंला चिकटलं म्हंजी?"

त्यांच्या उसाशेजारच्या मक्याभोवती रानडुकरांसाठी झटका मशीनची, विजेचा धक्का देणारी तार आहे. ती रोज सकाळी बंद करण्याचा हाताची सवय त्यांनी खेळातही आणली होती.

"इथे बाया नाहीत. झोंबी दिवसाही येतात."

"पर ती इंदापूरची पोरं येत्यात की दिवसाची."

"कशाला?"

"तुमची वळणं बघाया. म्हनलं, मास्तरांना इचारून दाखवतो."

मला त्यावर लगेच विश्वास ठेवता आला नाही. आकडा मात्र बदलला नाही. जोडणीचे दोन भाग केले: बाहेरच्या तारेचे बटण दाजींच्या सवयीसाठी, आतल्या वळणांचे माझ्या सज्जात.

लोंढ्याच्या दिवशी खेळात अंधारून येताच दाजी म्हणाले, "मास्तर, झटका लावला बरं का."

मी तरीही खाली उतरलो आणि बटण पाहिले. ते वर होते. माझ्या पावलांचा आवाज त्यांच्या हेडफोनमध्ये गेला असावा.

"आला का बघून?"

"आलो."

"मग बसा आता. ती बगा, झोंबी आली."