कोपराच्या वर

मॅडमनी माझ्या कोपराला साबण लावला.

विचारलं नाही, काही नाही. हात धरला, ब्लाउजची बाही वर सारली आणि लावला. यवतमाळमधलं एक सभागृह. स्टेजच्या मागची खोली. नाटकवाले जिथं रंग लावतात तो आरसा समोर. साबण लावून झाल्यावर मॅडमनी एक जाड पांढरी बांगडी मनगटातून वर ढकलायला घेतली. ती कोपरापाशी अडली. त्यांनी दातओठ खाऊन जोर केला. मी आरशात बघत राहिले. मी बोलायला लागले की आर्णीच्या बाजारात लोक भाजी निवडायची थांबतात, अशी माझी ख्याती. आणि त्या घडीला माझ्या तोंडातून शब्द फुटेना.

"पाचच मिनिटं हो, ताई," मॅडम म्हणाल्या. "स्टेजवर बसायचं, हसायचं, उठायचं. काय एवढं?"

मी इथं कशी आले ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी बांगड्या भरायलाच यवतमाळला गेले होते.

आर्णीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. मॅडम म्हणजे सरांच्या मिसेस, आणि सर कॉलेजातून रिटायर झालेले. आमच्या तांड्यातल्या लोकांवर त्यांना पुस्तक लिहायचं होतं. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे, आता आम्ही शेतीवाडी करतो, घरात गोर बोली बोलतो आणि दाराबाहेर मराठी. सरांना हे सगळं हवं होतं. भाषा, संस्कृती, धर्म, अस्मिता. अस्मिता नावाची माझी एक गिऱ्हाईक आहे, तिला कोणताच ब्लाउज नीट बसत नाही. सरांना मी तसं सांगितलं तर ते खळखळून हसले. मला वाटलं, माणूस चांगला आहे.

दोन वर्षं ते दुकानात येत होते. मशीनच्या फळीवर फोन ठेवायचे, रेकॉर्डिंग चालू करायचे आणि म्हणायचे, "बोला." मी बोलायचे. मला कोण थांबवणार? लग्नातली गाणी, देवांची नावं, कशाला काय म्हणतात, कोणाशी कोण रुसतं, सगळं सांगितलं. एक दिवस त्यांनी विचारलं, "तुमच्या हातात त्या पांढऱ्या बांगड्या का नाहीत?" मग मी तेही सांगितलं.

आमच्यात लग्न झालेल्या बाईचा हात भरतात. मनगटापासून कोपरापर्यंत आणि कोपरापासून पार दंडापर्यंत. आजीच्या काळी हस्तिदंत, माझ्या वेळी प्लास्टिक. नवरा गेला की कोपराच्या वरच्या सगळ्या उतरवतात. केसांत कानाशी लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्याही काढतात. कोपराखालच्या चालतात, पण शिवताना अडतात म्हणून त्या मी पुढं स्वतःच काढल्या. माझा नवरा ट्रकवर ड्रायव्हर होता. पांढरकवड्याजवळ हायवेवर अपघातात गेला. त्याला घरी आणलं त्याच दिवशी माझे दंड बायकांनी मोकळे केले. लग्नानंतर दंड जाड झाले होते, बांगड्या निघेनात. मग पक्कड आणली. मी ओरडत होते. ते नवऱ्यासाठी, असं सगळ्यांना वाटलं. अर्धं हातासाठी होतं.

हे ऐकून सरांचे डोळे भरून आले. फळीवरचं कापड उचलून त्यांनी डोळे पुसले. ते एका बाईचं ब्लाउजपीस होतं, पण जाऊ द्या. मी म्हटलं, एवढा शिकलेला माणूस आपल्यासाठी रडतो. मी भारावले.

तर पुस्तक निघालं. प्रकाशनाला या, म्हणून सरांचा फोन आला. मी नवी साडी घेतली, मोरपंखी. ब्लाउज स्वतः शिवला, पाठीला लटकन लावलं. सोबत नणंदेला घेतलं. ती शेजारच्याच तांड्यात राहते, तिलाही यवतमाळ बघायचं होतं. बसमध्ये ती सारखी विचारत होती, "वहिनी, तुले भाषण द्या लागन काय?" मी म्हटलं, लागलं तर देईन. मनात अख्खं भाषण तयार होतं. हशा कुठं पिकेल तेही ठरलं होतं. (आम्ही आपसात गोर बोलीतच बोलतो. तुमच्यासाठी मराठीत लिहिते.)

सरांनी मला दारातच वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हे काय नेसून आलात?"

"साडी."

"ते दिसतंय. पण मग तुम्ही कोण आहात हे लोकांना कळणार कसं?"

"तुम्ही सांगा ना, सर. माईक तुमच्यापाशीच हाय."

ते हसले नाहीत. मॅडमना हाक मारली. मॅडम मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथं एका पिशवीत घागरा, आरशांची चोळी म्हणजे कांचळी, आणि ओढणी. गॅदरिंगसाठी पोरांना मावळ्यांचे आणि पऱ्यांचे कपडे जिथून मिळतात, त्याच दुकानातून भाड्यानं आणलेलं. कांचळीला काखेत कुणाच्या तरी घामाचा वास. आणि बांगड्यांचा हा ढीग. मग तो साबण.

शेवटी माझी वाचा परत आली.

"मॅडम, थांबा. माहे मालक वारले. कोपराच्या वर मी घालत नाई. सरांच्या पुस्तकात हाय ते."

"अय्या, हो का? मी वाचलं नाही हो अजून पुस्तक." बांगडी दाबणं चालूच. "पण हे काय खरं थोडंच आहे?"

पुस्तकांचे गठ्ठे तिथंच होते. मी मोकळ्या हातानं एक ओढलं. माझं बोलणं मला लगेच सापडलं, आपला आवाज कुठंही ओळखू येतो. पक्कड होती. हायवे होता. ओरडणं होतं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: आर्णी परिसरातील एका निरक्षर विधवेने दिलेली माहिती.

निरक्षर! मी दहावी पास आहे. सर दुकानात आले की मी पेपर बाजूला ठेवायचे, त्यांना बसायला जागा व्हावी म्हणून. दोन वर्षं त्यांनी मला पेपर बाजूला ठेवताना बघितलं. आणि नाव? "ताई, ताई" करून चहा पिणाऱ्या माणसाला माझं नाव लिहावंसं वाटलं नाही. उसाच्या रसात माशी दिसावी आणि अर्धा ग्लास आधीच पोटात गेलेला असावा, तसं झालं मला.

नणंद इतका वेळ दाराशी उभी होती. ती आत घुसली.

"ओ बाई, सोडा तिचा हात! माहा भाऊ मेला हाय. काहून घालून राह्यल्या तुम्ही?"

आवाज ऐकून सर आले. मॅडमनी तक्रार केली. सर अगदी मऊ आवाजात बोलले, दुकानात बोलायचे तसंच.

"मला माहीत आहे ना, मीच लिहिलंय ते. पण लोकांना पूर्ण वेशभूषा दिसायला हवी. ताई, तुम्ही इथं व्यक्ती म्हणून आलेल्या नाहीत. प्रतिनिधी म्हणून आला आहात."

म्हणजे ते विसरले नव्हते. मला वाटलं होतं, म्हातारा माणूस आहे, विसरला असेल. त्यांना सगळं ठाऊक होतं. माझं दुःख त्यांना पाठ होतं. फक्त ते माझ्या अंगावर आहे, हे त्यांना कबूल नव्हतं.

बाहेर नावं पुकारायला सुरुवात झाली. कपडे बदलायला वेळ उरला नाही. सर म्हणाले, "चला तशाच." मोरपंखी साडी आणि कोपरात रुतलेली एक बांगडी, अशी मी स्टेजवर गेले. मला खुर्ची नव्हती. एक पाट होता, त्याच्याभोवती रांगोळी काढलेली. देवीला बसवतात तसा. मी पाटाशेजारी उभी राहिले.

पाहुण्यांची भाषणं झाली. संस्कृतीचा ठेवा. अस्मितेचा हुंकार. मग सर माईकवर आले आणि मागून मॅडम स्टीलच्या ताटात उरलेल्या बांगड्या घेऊन आल्या. सर म्हणाले, "आता या भगिनी आपल्यासमोर हात भरतील. हा दुर्मीळ सोहळा आपल्याला प्रत्यक्ष पाहायला मिळणार आहे." लोकांनी फोन वर केले. एकानं तर ओरडून सांगितलं, "बाई, जरा इकडं तोंड करा!"

मी सरांकडं बघून म्हटलं, "कोनी."

आमच्या बोलीत म्हणजे नाही. घाबरले, चिडले की मी आपोआप आईच्या भाषेत जाते.

सरांचा चेहरा उजळला. ते लोकांकडं वळले. "ऐकलंत? कोनी! म्हणजे नाही. नकार दाखवणारा शब्द. किती गोड उच्चार आहे पाहा. ताई, परत एकदा म्हणा."

आणि टाळ्या पडल्या. माझ्या नकाराला टाळ्या पडल्या, अहो! पुढच्या रांगेतल्या एका माणसानं शेजारच्याला म्हणूनसुद्धा दाखवला. कोनी, कोनी. माझा आयुष्यातला सगळ्यात मोठा नकार, आणि तो लोक चॉकलेटसारखा चघळत होते.

तिथंच माझ्या डोक्यातला दिवा लागला. हे लोक आपलं सगळं खातात. गाणं खातात, रडणं खातात. नाही म्हटलं तर तो नकारसुद्धा खातात.

मी सरांच्या हातातून माईक घेतला. घेतला म्हणजे ओढला.

"सर, तुमचे वडील वारले ते तुम्ही मले सांगतलं होतं. तुमच्या आईचं कुंकू त्या दिवशी कोनं पुसलं?"

हॉल हसायला तयार होता. कोणी हसलं नाही.

"सांगा ना. दोन वर्षं तुम्ही विचारलं, मी सांगतलं. आता मी विचारून राह्यली. कोनं पुसलं? कोन्त्या हातानं पुसलं? आई रडली का ओरडली? पुढच्या कार्यक्रमात त्यायले इथं बसवा, सर. पाटावर बसवा. कुंकवाचा करंडा ताटात आना. मी माह्या हातानं लावतो त्यायले. पाचच मिनिटं. काय एवढं?"

सरांची आई अजून आहे. घरात आहे, देवघराशेजारच्या खोलीत. ते मला त्यांनीच सांगितलं होतं. प्रमुख पाहुणे पाण्याची बाटली शोधू लागले, ती त्यांच्या समोरच होती. मग कोणीतरी माईक बंद केला. माझं काम झालं होतं. साबण अजून ओला होता. मी बांगडी ओढून काढली, कातडं सोलून निघालं. बांगडी ताटात टाकली आणि स्टेजच्या पायऱ्या उतरले. टाळ्या नाहीत. छान वाटलं.

बस स्टँडवर नणंदेनं मला रसवंतीत बसवलं. ती इतकी खूश होती की दोन ग्लासांचे पैसे तिनंच दिले.

"वहिनी, तू तं कमाल केली. रीत राखली. माह्या भावाचं नाव राखलं."

मी तिच्याकडं बघितलं. पक्कड चालली तेव्हा माझा दंड हिनंच धरून ठेवला होता. दोन्ही हातांनी. मॅडमसारखंच, न विचारता. तीही तेव्हा म्हणाली होती, "होईन, होईन, झालंच आता."

मी म्हटलं, "मी रीत राखली नाई, बाई."

"मंग काय केलं?"

"तिनं घालाले माहा हात धरला, तू काढाले धरला होता. मले दोघींनीही विचारलं नाई."

"वहिनी! मले त्या मास्तरनीच्या लायनीत बसवतं काय?"

"बसवली."

ती उठली. बसमध्ये दुसऱ्या सीटवर जाऊन बसली आणि आर्णी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. अजून बोलत नाही. तांड्यात म्हणते, वहिनीले शहराची हवा लागली. सर सांगतात, बाई चांगली होती, कुणीतरी भडकवली. दोघंही सारखंच बोलतात, फक्त एकाचं पुस्तक निघालं आहे.

मला ना सरांची माफी हवी, ना नणंदेची. परवा मी माझ्या मुलाला आणि सुनेला समोर बसवलं आणि सांगून टाकलं. माझ्या घरात कोणावरही वेळ येवो, सुनेवर, पुढं नातीवर, तिच्या अंगाला तिच्या मर्जीशिवाय कोणी हात लावायचा नाही. तांड्याची माणसं आली तर मी उंबऱ्यात बसेन. पुस्तकवाले आले तरी उंबऱ्यातच बसेन. आत जायचं असेल तर आधी माझ्या मढ्यावरून जावं लागेल, आणि मी सहजासहजी मरणारी बाई नाही.

सून म्हणाली, "आई, आतापासून कायले असं अभद्र बोलता?"

मी म्हटलं, "आतापासूनच. वेळ येते त्या दिवशी कोणी ऐकत नसते."