मधे बैलं कुठं सोडली?

"मधे बैलं कुठं सोडली?"

कोणी बेळगावहून आलो म्हटले की रामराम राहिला बाजूला, आप्पांचा पहिला प्रश्न हा. निपाणीची तंबाखू बैलगाडीने बेळगावला पोचवण्यात त्यांचा जन्म गेला होता. संकेश्वर, यमकनमर्डी, काकती, तिन्ही ठिकाणी बैल सोडायचे, तेव्हा कुठे बेळगाव. ज्याला मुक्काम सांगता येत नाहीत तो गेलाच नाही, असा त्यांचा कायदा. स्वतःच्या जावयालाही त्यांनी असेच एकदा खोट्यात पकडले होते.

संशयी माणसे तुम्हीही पाहिली असतील. आमचे आप्पा दुधात पाणी शोधत, आणि नाही सापडले तर त्याचाही संशय घेत.

मी आप्पांच्या गावात शाळामास्तर होतो. टपालही माझ्याकडेच. आप्पांचा एकुलता एक मुलगा लढाईत, कैरोकडे. त्याचे पत्र आले की मी कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवून आधी तारीख सांगायची, मग मजकूर. एवढे होऊन आप्पा तेच पत्र दुकानदाराकडे नेऊन पुन्हा वाचून घेत. मला त्याचा राग येई.

पत्रे जहाजाने येत, दोन-दोन महिन्यांनी. एक मात्र आठ दिवसांतच आले. आप्पांचे डोळे बारीक झाले.

"पोरगं पळून आलंय जणू. हितं लोंढ्याच्या टेशनात बसून लिवतंय काय, मास्तर?"

"विमानाने आलंय, आप्पा. कैरो ते कराची दोन दिवसांत."

"मधे बैलं कुठं सोडली?"

मी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवले. "इथं, बसऱ्याला उतरतं. तेल घेतं, मुक्काम करतं, मग पुढे."

"थांबतंय व्हय? मग खरं आसंल."

त्यानंतर कैरो, बसरा, कराची हे मुक्काम ते गावाला असे सांगू लागले, की जणू स्वतःच गाडी हाकून आलेत.

पुढच्या उन्हाळ्यात तार आली. मुलगा लढाईत कामी आला होता. मी ती वाचून दाखवली. आप्पांनी शांतपणे विचारले, "कवा निघाली ही?"

"काल."

"मधे कुठं थांबली?"

"तारेला थांबावं लागत नाही, आप्पा."

"मग खोटी."

त्यांनी दिवस घातले नाहीत. सुनेला कुंकू पुसू दिले नाही. गाव कुजबुजू लागले. मलाही वाटले, म्हातारा हट्टाला पेटलाय आणि त्या पोरीला उगाच आशेला लावतोय.

महिन्याभराने मुलाचे पत्र आले, जहाजाने. मी आधी तारीख पाहिली. ते तारेच्या कितीतरी आधी लिहिलेले होते.

पत्र घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. सून दारातच उभी होती. "मामा, कागद आलाय त्यांचा," ती आत वळून सासऱ्यांना म्हणाली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच हसताना दिसली.

मी सवयीने तारखेवर बोट ठेवले. आप्पांनी माझ्या तोंडाकडे पाहिले, मग सुनेच्या कपाळाकडे.

"मजकूर वाचा, मास्तर. तारीख ऱ्हाऊ द्या."

मी वाचले. तो खुशाल होता. पांढऱ्या बैलाचा पाय बरा झाला का, विचारत होता.

ते पत्र दुकानदाराकडे गेले नाही. आप्पांना अक्षर येत नव्हते, पण माझे बोट दर वेळी कुठे पडते ते त्यांना ठाऊक होते. पत्र माझ्याकडून घेताना त्यांनी अंगठा नेमका तिथेच ठेवला आणि मी उठेपर्यंत काढला नाही.