वारा कुठून, वारा कुठे

"मॅडम, तुमच्या उपग्रहाच्या हिशोबात पाणी वर येतंय, आमच्या मॉडेलच्या हिशोबात खाली जातंय," विवेक फोनवर म्हणाला. तो आमच्या मॉडेल ग्रुपमधला. "सर विचारतायत. काय सांगू?"

"मॉडेल चुकलंय, असं सांग." तसा मेल मी सकाळीच सरांना आणि सगळ्या टीमला केला होता.

मी समुद्रशास्त्रज्ञ. पण त्या आठवड्यात हसनाबादला आत्याकडे होते. तिचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून लॅपटॉप घेऊन तिथूनच काम चाललं होतं. काम साधं आहे. पावसाळ्यात मोसमी वारा केरळच्या किनाऱ्यालगत वळून उत्तरेकडून वाहतो. त्याने वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर सरकतं आणि त्या जागी खालचं गार, सकस पाणी वर येतं. याला अपवेलिंग म्हणतात. अशा ठिकाणी मासळी जमते. पाणी किती वर येतं, याचा अंदाज वाऱ्यावरून काढायचा. एकदा उपग्रहाने मोजलेला वारा घ्यायचा, एकदा कॉम्प्युटर मॉडेलने गणिताने काढलेला; दोन्हींचा हिशोब माझाच प्रोग्रॅम करतो.

"कोणावर चिडून राह्यलीस?" बाजेवर तुरीच्या शेंगा सोलत आत्याने विचारलं.

तिने समुद्र कधी पाहिलेला नाही, पण ऐकायला तयार. मी सांगू लागले. "वाऱ्याची दिशा उत्तर असली की..."

"थांब. उत्तरेकडून आलेला का उत्तरेकडं चाललेला? बराबर सांग, न्हाई तर मला समजायचं न्हाई."

"अगं, उत्तरेकडून..." म्हणता म्हणता मी लॅपटॉप ओढला. फाइलींमध्ये दिशा कशी लिहिलीय, हे मी तपासलंच नव्हतं.

दोन्ही फाइलींसोबतची माहिती उघडली. उपग्रहाच्या फाइलमध्ये दिशा म्हणजे वारा कुठे चाललाय ती. मॉडेलच्या फाइलमध्ये, कुठून आला ती. माझ्या प्रोग्रॅमने दोन्हीकडे 'कुठे चाललाय' असंच मानलं होतं. विवेकचा वारा मीच उलटा फिरवला होता.

"चूक माझी आहे, आत्या."

"मंग फोन लाव त्याला जल्दी. बिचारा बोलणी खात असल."

मी फोन लावून सगळं सांगितलं. विवेक म्हणाला, "मॅडम, मी सकाळपासून मॉडेल खोलून बसलोय."

मी माफी मागितली. सर एवढंच म्हणाले, "सकाळचा मेल ज्यांना गेला, त्या सगळ्यांना दुरुस्ती पाठवा."

पाठवली. आता पाणी दोन्हीकडे वर येत होतं. तरी आकडे पुरते जुळले नाहीत. जमिनीजवळचा वारा उपग्रहाला नीट दिसत नाही, तिथे मॉडेलवरच भिस्त ठेवावी लागते. तो भाग विवेकने लिहिला आणि अहवालावर त्याचं नाव पहिलं गेलं.

आता कुणाचं मॉडेल चुकलं म्हणण्याआधी मी फाइलची माहिती पहिल्या ओळीपासून वाचते. दोनच पानं असतात. माफीचा मेल लिहायला त्याहून जास्त वेळ लागतो.