वरचा पाइप, खालचा पाइप

सोलापुरात शिरताना माझ्या जुन्या स्पोर्ट्‌स कारचा तापमानाचा काटा पुन्हा लाल रेषेला टेकला. आधीच्या गॅरेजवाल्याने अख्खं इंजिन उघडावं लागेल असं सांगितलं होतं, त्यामुळे गाडी विकायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं.

शुक्रवार पेठेजवळच्या गॅरेजात साठीचे एक मिस्त्री होते. बॉनेट उघडून त्यांनी रेडिएटरच्या दोन्ही पाइपांना हळूच हात लावला.

"वरचा भाजतोय, खालचा गार हाय. पाणी फिरतच न्हाय की! तुमी बी बघा."

मी हात लावला. खरंच होतं.

इंजिन निवेपर्यंत त्यांनी कशालाच हात लावला नाही. मग थर्मोस्टॅट काढला. इंजिन तापलं की पाण्याला वाट करून देणारी ती छोटीशी झडप. शेजारच्या चहावाल्याकडून उकळतं पाणी आणून त्यांनी ती त्यात सोडली. आम्ही दोघं पातेल्यावर वाकून बघत राहिलो. झडप उघडलीच नाही.

"इंजिनाचा काय दोष न्हाय. ह्यानं वाट अडवलीया."

नवी झडपही बसवण्याआधी त्यांनी उकळत्या पाण्यात टाकली. ती हळूहळू उघडली, तसे ते स्वतःशीच हसले.

चाचणीला त्यांना शेजारी बसवून मी गाडी दूरवर पळवली. रस्त्यावरचे लोक वळून बघत होते. मिस्त्रींची नजर काट्यावरून हटली नाही.

"कशी वाटली गाडी?" मी विचारलं.

"काटा मधीच थांबलाय," ते समाधानाने म्हणाले.

माझ्या गाडीचं इतकं मनापासून कौतुक आजवर कुणी केलेलं नाही.